रिकामा रकाना आणि शून्य

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, आपल्या शाळेच्या सभागृहात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल. सगळ्यांना ऐकायचंय." मी म्हटलं, त्यावर मी आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बोलते, श्रीवर्धनला येऊन पुन्हा तेच नको. "मग कशावर बोलशील?" म्हटलं, पावसावर. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, "कविता करतेस का गो हल्ली?"

नाही, कविता करत नाही. मी पाऊस मोजते. पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझा पर्जन्यमापक आहे आणि गेली वीस वर्षं मी रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहिते. वादळ आलं की रात्र रात्र उपग्रहाची चित्रं बघत बसते. घरचे याला "आईचं खूळ" म्हणतात. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव "वेधशाळा" आहे, ते कौतुकाने कमी आणि चेष्टेने जास्त, हे मला ठाऊक आहे. आज या खुळाविषयी बोलणार आहे, आणि त्यातल्या एका चुकीविषयीही. ती चूक इथेच, याच गावाच्या बाबतीत झाली, म्हणून ती इथे सांगायला हवी.

सुरुवात अर्थात शाळेतच झाली. आठवीत भूगोलाच्या बाईंनी आपल्याकडून पर्जन्यमापक करून घेतला होता, आठवतंय? डालड्याचा उभ्या कडांचा रिकामा डबा, मागच्या पटांगणात विटांच्या मध्ये बसवलेला, आणि एक लाकडी फूटपट्टी. डब्याच्या कडा सरळ असल्या की तळाशी जितकी उंची पाणी साचेल तितकाच पाऊस, एवढी साधी गोष्ट. रोज सकाळी एकाने जाऊन पाणी मोजायचं, ओतून टाकायचं आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर आकडा लिहायचा. जुलैमध्ये आपल्याकडे डब्यात एका दिवसात वीतभर पाणी साचायचं. तो आकडा लिहिताना पाऊस आपणच पाडला असल्यासारखी छाती फुगायची.

माझं घर शाळेच्या मागच्या आळीत, म्हणून रविवारची पाळी कायमची माझी. एका रविवारी घरी पाहुणे होते, बाहेर धो धो पाऊस होता, मी गेले नाही. सोमवारी डब्यात अकरा सेंटिमीटर पाणी. मी हुशारी केली. रविवारी पाच, सोमवारी सहा, असे दोन आकडे करून फळ्यावर लिहिले. बेरीज बरोबर होती, म्हणजे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी बोलावलं. "रविवारी किती वाजता गेली होतीस?" म्हटलं, साडेआठला. बाई म्हणाल्या, "मीही आले होते गं साडेआठला, परीक्षेचे कागद न्यायला. डबा बघितला. तू दिसली नाहीस." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओला फडका घेतला, दोन्ही आकडे पुसले, रविवारच्या रकान्यात "नोंद नाही" असं लिहिलं आणि सोमवारी "११, दोन दिवसांचा एकत्र". मग म्हणाल्या, "शून्य लिहिलंस तर मला कळतं की तू बघितलंस आणि पाऊस नव्हता. काही लिहिलं नाहीस तर कळतं की आपल्याला माहीत नाही. पण मनाने आकडा भरलास, तर आपल्याला माहीत नाही हेसुद्धा कळत नाही."

पुढे मी अभियांत्रिकीला गेले, नोकरीला लागले, आणि पहिल्याच वर्षी आमच्या धंद्यातला एक जुना रोग पाहिला: रिकाम्या जागेला शून्य समजणं. संगणकाच्या भाषेत न भरलेल्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे माहिती नाही, शून्य म्हणजे माहिती आहे आणि ती शून्य आहे. या दोहोंची गल्लत झाली की बिलं चुकतात, पगार चुकतात, आणि चूक कुठे आहे ते शोधताना रात्री जातात. मला हे शिकायला नव्याने काही करावं लागलं नाही. फळ्यावरचा तो ओला फडका आठवला की पुरे.

पाऊस मोजण्याचा छंद मात्र मधल्या काळात सुटला होता. तो परत आला २००५ साली. २६ जुलैला मी पुण्यात होते. आमच्या टीममधले दोघे मुंबईत अडकले होते, आणि इकडे आपल्या जिल्ह्यात महाडजवळ जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. दुसऱ्या दिवशी आकडे आले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला ७३. मी आधी समजले की छपाईची चूक आहे. एकच शहर, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर अंतर. एका टोकाला रोजच्यासारखा जुलैचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला माणसं मोटारींत बुडत होती. तेव्हा मला प्रश्न पडला, की "मुंबईत इतका पाऊस झाला" या वाक्याला अर्थ तरी काय? आणि माझ्या घरावर किती पडतो, हे कोण मोजतं? कोणीच नाही. पुढच्याच आठवड्यात मी पर्जन्यमापक विकत आणला.

आता थोडं या छंदाविषयी. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे बोलायला लागतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण नऊ हजार तीनशे लिटर पाणी पडलं. म्हणजे जवळजवळ एक टँकर. पुण्यात उन्हाळ्यात टँकर मागवताना आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी हा हिशेब मांडते, आणि लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. पण मागच्या वर्षी गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायचा ठराव झाला, हेही सांगते.

पर्जन्यमापक ठेवायलाही शिकावं लागतं. पहिल्या वर्षी मी तो पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवला, सोयीचं पडतं म्हणून. वारा नैर्ऋत्येचा, टाकी त्याच बाजूला. अर्धा पाऊस टाकीच अडवत होती. आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, हा नियम नंतर वाचला. पहिल्या वर्षीचे आकडे वहीत अजून आहेत, वर लाल शाईत "आडोसा, भरवसा नाही" असं लिहून. कबुतरांनी एकदा त्यात काड्या भरल्या. त्या दिवशी "नोंद नाही".

साडेआठच का, असं मुलं विचारतात. देशभरात हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठलाच घेतात. सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. आणि हे आकडे नुसते छापायला नसतात. आपल्या राज्यात महसूल मंडळाच्या मापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला, की त्याला अतिवृष्टी धरतात, आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा विचार तिथून सुरू होतो. एखाद्या मंडळाचा मापक कुठे ठेवलाय, त्यात पाचोळा अडकलाय का, यावर कोणाच्या तरी घरची दिवाळी ठरते.

वळवाच्या दिवसांत मी संध्याकाळी गच्चीवर असते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून ढग चढत जातो, चढत जातो, आणि मग एका उंचीवर त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. तेव्हा समजावं की आता वीज आणि कदाचित गाराही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर छंद बाजूला ठेवायचा आणि घरात जायचं. मी जाते. "दामिनी" नावाचं विजेचा इशारा देणारं ॲप पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलंय, ते तुम्ही सगळ्यांनी, विशेषतः शेतात आणि होडीवर जाणाऱ्यांनी, फोनवर घ्या. फुकट आहे.

आणि वेधशाळेची चेष्टा. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे, तिला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. त्या चौकातून छत्री न घेता जाणारा प्रत्येक जण एक विनोद करतो. मीही करत असे. मग एकदा तिथलं बुलेटिन नीट वाचलं. रेडिओवर आपण लहानपणी ऐकायचो ना, "कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी"? मला वाटायचं ही गोलमाल भाषा आहे, कसंही झालं तरी बरोबर ठरावी म्हणून. प्रत्यक्षात त्याला मोजमाप आहे. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. बहुतेक ठिकाणी म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. म्हणजे "तुरळक ठिकाणी पाऊस" ऐकून तुमच्या अंगणात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारातली तीन अंगणं कोरडीच राहणार, असंच त्यांनी सांगितलेलं असतं. आपण मात्र सगळं माझ्या अंगणासाठी चाललंय असं धरून ऐकतो.

आता त्या चुकीकडे येते. ज्याच्या बाबतीत ती झाली तो आज या सभागृहात आहे. त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "सांग खुशाल, फक्त नाव घेऊ नको. नाहीतर जेवणाच्या पंगतीत सगळे सुपारीचा भाव विचारतील."

२०२० चा मे संपत आला होता. टाळेबंदीत आपला वर्गाचा ग्रुप नुकताच सुरू झाला होता. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला बांगलादेशाने सुचवलेलं नाव मिळालं, निसर्ग. मी घरून काम करत होते. एका स्क्रीनवर ऑफिस आणि दुसऱ्या स्क्रीनवर वादळ. खोटं सांगत नाही, मला मजा येत होती. इतकी वर्षं ओडिशाची, आंध्रची वादळं लांबून बघितली होती. हे आपल्याकडे येत होतं. मी ग्रुपवर दर तासाला चित्रं टाकत होते, बाण काढत होते. तुम्ही अंगठे दाखवत होता.

रात्री साडेनऊला या मित्राचा मेसेज आला. त्याची वाडी समुद्राच्या बाजूला. माड, पोफळी, मधोमध कौलारू घर. घरात तो, बायको आणि ऐंशीच्या घरातली आई. "गावातले सांगून गेले, शाळेत चला. आई ऐकत नाही. तू रोज बघतेस, खरं सांग, निघायला हवं का?"

माझ्यासमोर एका संगणकीय मॉडेलचा नकाशा होता. त्यावर वादळाच्या वाटेची एक रेघ, अलिबागच्याही वर जाणारी. अलिबाग आपल्यापासून सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. मी लिहिलं, आणि ते शब्द माझ्या फोनवर अजून आहेत: "लाइन अलिबागच्या वर जातेय. आपल्याला वारा लागेल जोराचा, बाकी काही नाही. आईंना झोपू दे निवांत."

तो निवांत झोपला. दुसऱ्यांदा बोलवायला आलेल्या माणसांना त्याने सांगितलं, "आमच्या वर्गात वेधशाळा आहे."

सकाळी पाचला उठून मी स्क्रीन उघडली. रात्रीत वादळ आणखी तीव्र झालं होतं. उपग्रहाच्या चित्रांत आणि मुंबईच्या रडारवर त्याचं केंद्र ईशान्येकडे, आपल्या किनाऱ्याकडे सरकत होतं. मी पट्टी घेऊन कागदावर रेघ ओढली. माझ्या कालच्या रेघेपेक्षा ती बरीच खाली येत होती. फोन लावायला सुरुवात केली. लागेना. नवव्यांदा लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी एवढंच म्हटलं, "मी चुकले. आत्ता निघ. शाळेपर्यंत जाऊ नको, समोरच्या स्लॅबच्या घरात जा." त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याने आणि शेजाऱ्याने आईंना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून रस्त्यापलीकडे नेलं. तेव्हाच पत्रे वाजायला लागले होते.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. त्यानंतर आपल्या गावातून फोन नाही, मेसेज नाही, काही नाही. चार दिवस मी ऑफिसचं काम केलं की नाही, मला आठवत नाही. पाचव्या दिवशी माणगावपर्यंत आलेल्या कोणाच्या तरी फोनवरून त्याचा आवाज आला. सगळे सुखरूप होते. एक माड माजघरावर आडवा पडला होता. कौलं, वासे, सगळं खाली. आई जिथे झोपतात त्या जागेवर.

सातशे पोफळींतल्या दीडशे उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही सगळे इथले आहात, पोफळ लावल्यावर धरायला किती वर्षं लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पोफळी माझ्या मेसेजने पडल्या नाहीत, हे मला कळतं. पण तो माड आणि ती जागा मी विसरू शकत नाही. साडेतीन तास उशिरा फोन लागला असता, तर मी आज इथे उभी राहिले नसते.

नंतर मी शांतपणे बसून, ऑफिसात एखादी मोठी गडबड झाली की करतो तसं, माझी चूक तपासली.

पहिली गोष्ट. हवामान खात्याचं बुलेटिन माझ्याकडे होतं. त्यात लिहिलं होतं, की वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर! आपण सहलीला चालत जायचो ते हरिहरेश्वर. आपल्या गावाच्या दक्षिणेला. म्हणजे श्रीवर्धन त्या पट्ट्यात होतं, आणि पट्ट्याचं पहिलं नावच आपल्या तालुक्यातलं होतं. मी "अलिबागजवळ" एवढंच वाचलं. खातं बरोबर होतं, चेष्टा करणारी चुकली.

दुसरी गोष्ट, ती रेघ. मॉडेल म्हणजे वातावरणाचे चौकोन पाडून केलेलं गणित. सुरुवातीच्या नोंदी किंचित बदलल्या की उत्तर बदलतं, म्हणून तेच गणित थोड्या थोड्या फरकाने वीसएक वेळा चालवतात आणि किती उत्तरं कुठे पसरतात ते बघतात. त्या पसाऱ्यात आपलं गाव येत असेल, तर वाट आपल्या गावावरूनही असू शकते. मी त्यातली एक रेघ उचलली, आणि ती मला आवडणारी होती. शिवाय रेघ ही फक्त केंद्राची. वादळ काही दोरीवरून चालत येत नाही, त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत लागली, कारण ती मला माहीत होती. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने जातंय तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेला येतात, म्हणून ती बाजू जास्त जोराची. निसर्ग ईशान्येकडे येत होतं. ते आपल्या उत्तरेने गेलं तर आपण उजव्या हाताला. त्या बाजूला वारा थेट समुद्रावरून जमिनीवर येतो. म्हणजे "अलिबागच्या वरून जातंय" हे निर्धास्त होण्याचं कारण नव्हतंच. ते सावध होण्याचं कारण होतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी एकच चूक होती, आठवीतली. मला माहीत नव्हतं, आणि मी रकाना भरला. त्याने विचारलं तेव्हा खरं उत्तर होतं, "मला सांगता येत नाही, गावातले म्हणतायत तसं कर." पण "वेधशाळा" म्हणवून घेणाऱ्या बाईला ते उत्तर कमीपणाचं वाटलं. मी शून्य लिहून मोकळी झाले.

त्यानंतर माझ्या वहीत दोन रकाने वाढले, "माझा अंदाज" आणि "प्रत्यक्ष". पाच वर्षं झाली. किती वेळा चुकते ते इथे सांगत नाही, पण वही जेवणानंतर बघायला ठेवली आहे. ती भरायला लागल्यापासून वेधशाळेवरचे माझे विनोद बंद झाले.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. तेव्हा मी ग्रुपवर माझा एकही बाण टाकला नाही. फक्त खात्याचं बुलेटिन टाकत राहिले आणि त्याचा अर्थ सांगत राहिले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. मित्राने विचारलं, "येईल का?" मी लिहिलं, "माहीत नाही. समुद्रातून वर जाईल असं खातं म्हणतंय, पण किनाऱ्यालगत जाणार आहे. आईंना हलव." त्याने आदल्या दिवशीच आईंना नेलं. वादळ समुद्रातूनच वर गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. आपल्याला वारा आणि पाऊस लागला, पण मागच्यासारखं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. "काय गो, उगाच माझी उचलबांगडी केलीत!" इतकं गोड बोलणं मी त्या वर्षी दुसरं ऐकलं नाही. एखाद्या वेळी घर सोडलं आणि वादळ आलं नाही, तर ते हलणं वाया गेलं असं समजू नका. पुढच्या वेळी कंटाळा करणारा माणूस वाया जातो.

आता शेवटचं. आपल्या तुकडीने शाळेला काय द्यावं यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा झाली. पंखे, कपाट, प्रोजेक्टर, सगळं झालं. शेवटी त्यांच्याबरोबर एक छोटी वस्तूही ठरली. मागच्या पटांगणात, जिथे डालड्याचा डबा होता त्याच्या जवळच, पण या वेळी भिंतीपासून नीट अंतर मोजून, चांगला पर्जन्यमापक बसवला आहे. कार्यालयाबाहेर फळाही आहे. जूनपासून आठवीची मुलं नोंद घेतात. ही मुलं इथेच राहणार, वाड्या करणार, होड्यांवर जाणार, किंवा आमच्यासारखी पुण्या-मुंबईला जाऊन इथल्या लोकांना फोनवरून सल्ले देणार. तिन्हींसाठी ही सवय उपयोगाची आहे.

मुख्याध्यापकांना मी एकच विनंती केली. नोंद चुकली, पाळी बुडाली तर मुलांना रागावू नका, मार्क कापू नका. मार्क कापले की मुलं आकडे बनवतात, हे मी अनुभवाने सांगते. "नोंद नाही" असं लिहिणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांच्या फळ्यावर सात वेळा "नोंद नाही" आलं, असं सरांनी काल सांगितलं. मला त्या सात दिवसांमुळे बाकीच्या आकड्यांचा भरवसा वाटतो.

आज सकाळी मी साडेआठला शाळेत आले. बाई माझ्या आधी येऊन उभ्या होत्या, काठी घेऊन. डिसेंबर महिना, आभाळात ढगाचा तुकडा नाही. तरी आठवीतली एक मुलगी आली, तिने झाकण काढलं, आत वाकून बघितलं, बरणी उलटी करून दाखवली आणि फळ्यावर लिहिलं, शून्य. बाईंनी तिला विचारलं, "बघितलंस ना?" ती म्हणाली, "हो, बघितलं."

बाई, तुमची परवानगी असेल तर मी बसते. नमस्कार.